राहून गेलेली हाक

कोणे एके काळी डोंगरउतारावरच्या जांभूळवनात वानरांचा एक कळप राहत असे. आया चरायला जाताना तान्ही पिल्लं वयात येणाऱ्या वानरींकडे सोपवत. त्याआधी म्हातारी भुंडी त्या पोरींना चार दिवस शिकवायची: पिल्लू कसं धरायचं, कोणती फांदी टाळायची.

त्यांतली रेवा तीन दिवस शिकली. चौथ्या दिवशी "मला येतं सगळं," म्हणत ती जांभळं खायला गेली.

पुढे जिवली नावाच्या वानरीनं आपलं पिल्लू तिच्याकडे दिलं. रेवानं त्याला जिवापाड जपलं, तरी दुपारी ते तिच्या कुशीतून निसटून खाली पडलं. त्याचा हात सुजला. आता आपल्याकडे कुणी पिल्लू देणार नाही, या भीतीनं रेवानं त्याला थोपटून निजवलं आणि संध्याकाळी काही न बोलता परत केलं.

दोन दिवसांनी भुंडीनं तो हात चाचपला. "तेव्हाच कळतं, तर सरळ बसवला असता," ती म्हणाली.

"मी भ्याले होते," रेवा पुटपुटली.

"सगळ्याच भितात, पोरी. भीती वाटली तरी आधी हाक मारायची, एवढंच मी चौथ्या दिवशी शिकवते."

जिवली रागावली नाही. तिनं फक्त पिल्लू उचलून घेतलं.

पिल्लू मोठं झालं, पण हात वाकडाच राहिल्यानं लांब उडी त्याला कधी जमली नाही. कळप दरीपलीकडे गेला की ते अलीकडेच राही आणि रेवाही त्याच्यासोबत थांबे.

एकदा त्यानं विचारलं, "मावशी, माझा हात जन्मापासूनच असा आहे का गं?"

"नाही रे बाळा," रेवा म्हणाली, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं.