बावन्न दिवसांचा सिलिंडर

“पण हे पातेलं गोधडीत का गुंडाळलंय, भंते? त्याला थंडी वाजते का?”

तुळशीराम गजभिये स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

भंते सुमेध हसले नाहीत. त्यांनी गोधडीचं टोक आत खोचलं आणि टोपलीतलं भाताचं तणस चारी बाजूंनी दाबलं. मग वर एक पोतं घातलं.

“डाळ आहे,” ते म्हणाले. “झोपलीय.”

“झोपलीय?”

“गावातल्या बाया पहाटे चुलीवर ठेवून जातात. दोन उकळ्या आल्या की मी उतरवतो, गुंडाळतो. अकरा वाजता उघडायची. आपोआप शिजते.”

“आणि चूल?”

“ती विझवली केव्हाच.”

ही युक्ती तुळशीरामांना माहीत नव्हती.

विहार तलावाच्या पाळीवर होता. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पडवी. थंडीचे दिवस होते आणि धुकं इतकं दाट होतं की ओट्यावरून तलाव दिसतच नव्हता. पाणी आहे हे फक्त ऐकू येत होतं. कुठंतरी वल्हं पडायचं, पाणकोंबडी ओरडायची आणि पुन्हा सगळं कापसात बुडाल्यासारखं व्हायचं.

तुळशीराम पहाटेच्या एसटीनं आले होते. तालुक्याच्या गावी एका शाळेत कारकून होते, आता निवृत्त. त्यांच्या वस्तीत त्यांचं नाव होतं ते काटकसरीसाठी. बचत गटाच्या बाया त्यांना भाषणाला बोलवत. कमी पैशात घर कसं चालवावं, यावर ते दीड तास बोलू शकत. चहा मात्र त्यांना दोनदा लागे.

ते भंतेंसमोर चटईवर बसले. ज्या कामासाठी आले होते ते बाजूला राहिलं.

“तांदळाचं धुवण तुम्ही फेकत नसालच,” ते म्हणाले. “आमच्याकडं ते परसातल्या वालाला जातं.”

“वालाला? थेट?”

“मग?”

“आधी त्यात भाजी धुवायची. मग वालाला.”

तुळशीरामांनी खिशातून पेन काढलं, पण लिहिलं काही नाही.

“आंघोळीचं पाणी मी तापवत नाही. काळ्या डब्यात भरून गच्चीवर उन्हात ठेवतो.”

“चांगलं करता. इथं ऊन दहाला येतं. म्हणून आम्ही आंघोळ दहाला करतो.”

“बाजार उठायच्या वेळी मी जातो. भाजी निम्म्या किमतीत मिळते.”

“मला लोक देतात,” भंते म्हणाले. “उरलेली.”

“अंधार पडला की एकच दिवा. बाकी सगळे बंद. मी स्वतः फिरून बंद करतो.”

“इथंही एकच आहे. त्याच्याखाली सगळे बसतात. कुणी वाचतं, कुणी शिवतं, एक म्हातारा नुसता घोरतो.”

तुळशीराम हसले. या वेळी खरं हसले. बऱ्याच दिवसांनी आपल्या तोडीचा माणूस भेटला होता.

“भंते, तुम्ही माझ्याहून वरचढ आहात.”

“मला घर नाही, गजभियेजी. मला सोपं आहे.”

धुकं ओट्याच्या पायरीपर्यंत आलं होतं, एखाद्या जनावरासारखं.

“कशासाठी आलात?” भंतेंनी विचारलं.

“सुगंधाला न्यायला.”

सुगंधाबाई त्यांच्या पत्नी. हे गाव त्यांचं माहेर. सव्वा महिन्यापासून त्या इथं भावाकडं राहत होत्या आणि रोज सकाळी विहारात यायच्या, हे भंतेंना माहीत होतंच.

“न्या की.”

“येत नाही.”

“नाही म्हणाल्या?”

“नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. काल फोन केला. भावजय म्हणाली, भंतेंना विचारा.” तुळशीराम पुढं सरकले. “तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. तुम्हीच सांगा तिला. मी काय दारू पितो? हात उचलला कधी? माझा चौदा महिने पगार अडला होता, भंते. चौदा महिने! शेजारचे दोघं घरं विकून गेले. आम्ही राहिलो. कशाच्या जोरावर? पोरगी नर्स झाली ती कशाच्या जोरावर? मी एकेक काडी वाचवली म्हणून.”

“खरं आहे.”

“खरंच आहे!”

“त्या वाचवायच्या की नाही?”

“सुगंधा? अहो, ती तर माझ्याहून पुढं. सांगावं लागलं नाही कधी. लग्नाचं लुगडं फाटलं तर त्याच्या उशा केल्या, उशा विरल्या तर फडकी. काही मागत नाही. बांगड्या नाही, सिनेमा नाही. मी भाषणात सांगतो, गृहिणी असावी तर अशी.”

“पूर्ण शिकल्या म्हणायच्या.”

“पूर्ण.”

भंतेंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. त्यांनी उजवा कान तुळशीरामांकडं केला आणि तसेच बसून राहिले.

तुळशीरामांना वाटलं, भंते आणखी काहीतरी ऐकायची वाट पाहत आहेत.

“आजारी पडली होती,” ते म्हणाले. “म्हणून आली इकडं. हवापालट.”

“काय झालं होतं?”

“खोकला.”

“नुसता?”

“छातीत पाणी झालं होतं. मीच नेलं दवाखान्यात. एका रात्रीत निघालो, रिक्षा केली, पैशाकडं पाहिलं नाही. विचारा कुणालाही.”

“मी कुठं म्हणतो.”

तुळशीराम चटईची एक काडी उपटू लागले. मग थांबले.

“डॉक्टरनं मला विचारलं, खोकला किती दिवसांपासून? मी म्हटलं, आठ दिवस. मला आठच दिवस माहीत होते. तिच्या तोंडाला ते मास्क लावलेलं. तिनं हात वर केला. तीन बोटं.”

“तीन आठवडे.”

“मीही तेच म्हटलं. तिनं मान हलवली.”

दूर पाण्यावर कुणीतरी डोंग्यावर वल्हं आपटलं. आवाज आला आणि विरला.

“तीन महिने, भंते. तीन महिने ती परसात जाऊन खोकत होती. तोंडावर टॉवेल धरून. मी घरात. मधे एक भिंत. मी तिला नंतर विचारलं, सांगितलं का नाहीस? मला वाटलं रडेल, भांडेल. ती काय म्हणाली माहीत आहे?”

भंतेंनी मान हलवली.

“म्हणाली, ‘सांगायला आले होते एकदा. पण तुम्ही त्या दिवशी किती खूश होता. सिलिंडर बावन्न दिवस पुरला होता ना.’”

तुळशीरामांनी चष्मा काढला. धुक्यानं ओला झाला होता, ते तो पुसत राहिले.

“बावन्न दिवस,” ते म्हणाले. “मी सगळ्या आळीत सांगत फिरलो होतो.”

भंते उठले. ते सत्तर ओलांडलेले, गुडघे धरून उठले. त्यांनी अंगावरचं चीवर सारखं केलं आणि बोटानं खूण केली. चला.

दोघं पाळीवरून चालू लागले. चार पावलांवरचं झाड दिसत नव्हतं, जवळ गेलं की एकदम उभं राहायचं. तुळशीरामांना आपले पायही अर्धेच दिसत होते. ढगातून चालल्यासारखं वाटत होतं. आपण झोपेत तर नाही ना, असं त्यांना वाटलं. पहाटे तीनला उठले होते.

एका दगडापाशी भंते थांबले. बसले. तुळशीरामही बसले.

“कशासाठी थांबलो, भंते?”

भंतेंनी उजवा कान पाण्याकडं केला.

मग आवाज आला.

एक बाई बोलत होती. दिसत नव्हती. पाण्याच्या अंगानं, धुक्याच्या आतून, फक्त तिचं बोलणं येत होतं. कुणाच्या तरी म्हशीनं वाळत घातलेलं धोतर खाल्लं होतं त्याची गोष्ट. म्हैस कशी पाहत होती, धोतराचं टोक ओठातून कसं लोंबत होतं, मालक एका बाजूनं ओढतोय आणि म्हैस दुसऱ्या बाजूनं... बाई म्हशीचा आवाज काढायची, मालकाचा काढायची. दुसरी कुणी हसून हसून ‘पुरे वो बाई’ म्हणत होती. पण सांगणारी ऐकायलाच तयार नव्हती.

“अन् मंग म्हैस म्हणते, घ्या जी तुमचं धोतर, मी का नेसनार हाय?”

तुळशीरामांनाही हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात धरला.

“छान सांगते,” ते हळूच म्हणाले. “कोण आहे ही?”

भंतेंनी त्यांच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

तुळशीरामांच्या तोंडावरचा हात तसाच राहिला.

आवाज जवळ येत होता. त्यांनी डोळे मिटले आणि ऐकलं. चौतीस वर्षांचा संसार. हा आवाज त्यांनी ऐकला होता. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ऐकला होता. ते शाळेतून आले की हा आवाज चुलीपुढं बसून दिवसभराचं सांगायचा, शेजाऱ्यांच्या नकला करायचा. मग कधीतरी... कधी? त्यांना आठवेना. ‘जेवण झालंय.’ ‘पाणी आलं.’ ‘हो.’ इतकंच उरलं होतं. ते कधी उरलं, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

धुक्यातून आधी दोन लुगड्यांचे रंग निघाले. मग दोन बाया. पुढं सुगंधाबाई, अंगावर भावाची घोंगडी, हात हवेत. मागं त्यांची भावजय कौसल्या.

सुगंधाबाईंनी नवऱ्याला पाहिलं.

हात खाली आले. तोंड मिटलं.

“कधी आले?” त्यांनी विचारलं.

तो दुसराच आवाज होता. घरचा.

तुळशीराम उभे राहिले. वाटेत त्यांनी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. एसटीत तर तोंडपाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

“मग... धोतराचं काय झालं?” ते म्हणाले.

“कोनच्या?”

“म्हशीनं खाल्लं ते.”

सुगंधाबाई गोंधळल्या. त्यांनी वहिनीकडं पाहिलं, भंतेंकडं पाहिलं. नवरा थट्टा करतोय का, हे त्यांना कळेना.

“काही नाही जी. फाटलं.”

“बसा,” भंते म्हणाले. “दोघंही बसा.”

दोघं बसले. मधे एका माणसाची जागा सोडून. कौसल्याबाई डाळ बघते म्हणून विहाराकडं निघून गेल्या. धुकं आता पाण्यावरून थोडं उचललं होतं. खाली पाण्याची राखाडी पट्टी दिसायला लागली, त्यावर एक डोंगा. शिंगाडे तोडणारी बाई डोंगा काठाला लावत होती.

“घरी येतेस?” तुळशीरामांनी विचारलं.

“येईन ना. खोकला पुरता जाऊ द्या.”

हे त्यांनी पाळलं. महिन्याभरानं त्या खरंच परत गेल्या. पण त्या सकाळी तुळशीरामांना तेवढं पुरलं नाही.

“तुला काही हवंय का?” ते म्हणाले. “सांग. काहीही सांग.”

“मले? नाही जी.”

“सुगंधा. सांग काहीतरी.”

त्या पाण्याकडं पाहत राहिल्या. बराच वेळ. लहान मुलगी अनोळखी घरात खाऊकडं पाहते तशा. मग अगदी हळू म्हणाल्या,

“पावभर शिंगाडे पायजेत.”

“कसे दिले ते?”

शब्द तोंडातून निघून गेले होते. तुळशीरामांनी जीभ चावली. सुगंधाबाईंनी पटकन मान वळवली, जणू आपलंच काही चुकलं.

“राहू द्या. असंच म्हटलं.”

“नाही नाही नाही!”

तुळशीराम उठले आणि पाळ उतरू लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस, ओल्या गवतावरून घसरत, एका हातानं चष्मा धरून. धुक्यानं त्यांना गिळलं. खाली काहीतरी बोलणं झालं. शिंगाडेवाली मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं.

वर दोघं वाट पाहत बसले. सुगंधाबाई घोंगडीचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. एकदा खोकल्या. टॉवेल नव्हता, तोंड वळवलं नाही, तशाच खोकल्या.

मग तुळशीराम धुक्यातून वर आले. डोक्यावर आख्खी टोपली. हिरव्या, काटेरी शिंगाड्यांनी शिगोशीग भरलेली, पाणी गळून सदरा भिजलेला. मागं ती बाई, ‘माही टोपली तं वापस द्या’ म्हणत. त्यांनी टोपली सुगंधाबाईंच्या पायाशी दाणकन ठेवली. दोनचार शिंगाडे घरंगळत गेले.

ते धापा टाकत होते. चेहरा नुसता उजळला होता.

“सगळे घेतले!” ते म्हणाले. “भाव सुद्धा केला नाही, भंते. सगळे! दहा किलो असतील. घे, सुगंधा. लागतील तितके खा.”

सुगंधाबाई टोपलीकडं पाहत राहिल्या. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

तुळशीराम वाट पाहत उभे होते. त्यांनी भंतेंकडं पाहिलं.

भंतेंनी खाली घरंगळलेले शिंगाडे एकेक करून उचलले. ओंजळीत धरले, हातानं वजन केल्यासारखे तोलले, आणि सुगंधाबाईंच्या पदरात टाकले.

“उपासक,” ते म्हणाले, “त्यांनी पावभर मागितले होते.”