लिफ्टचा दोर आणि साहेबांचं जेवण

आमच्या साइटवरच्या लिफ्टचा दोर झिजून तारा सुटल्या होत्या. नवा दोर गोदामात पडून होता. पण हेडऑफिसनं दुरुस्तीची वही हिशेबाच्या कॉम्प्युटरला जोडलेली; सामानाचं बिल चढलं की वहीत 'दुरुस्ती झाली' असं आपोआप उमटायचं. त्यामुळं साइटवरचे करंदीकर साहेब म्हणाले, "दोराचं बिल चढलंय, म्हणजे दोर बदललाय. जेवण झालं की विटा घेऊन वर जा." जाणाऱ्या आम्ही सातजणी.

मेसवाल्या शेवंतामावशीनं ते ऐकलं. तिनं साहेबांच्या ताटात नुसती किराण्याची पावती वाढली.

"हे काय? जेवण कुठंय?"

"तांदूळ, डाळ, सगळ्याचं बिल चढलंय की साहेब. म्हणजे तुमचं जेवण झालं. ढेकर द्या."

साहेबांनी उपाशीपोटीच लिफ्ट बंद करायला लावली. नवा दोर बसला, मगच मावशीनं भात वाढला.

माझ्या पोरांना आई आहे ती मावशीमुळं. देवाचं नाव मी तिच्यानंतर घेते.