पाचवं कारण

“गुरुजी, मला एवढंच सांगा, एका मुद्द्याला एक गुण. बरोबर की नाही?”

भानुदास तरटे दारात चपला काढता काढताच विचारत होता. मधल्या सुट्टीत शाळेतून मोटारसायकल दामटत आला होता आणि वाटेत राग उतरण्याऐवजी चढला होता.

मुळीक गुरुजी घरात बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. वय पंच्याऐंशी, पण हात थरथरत नव्हते.

“बरोबर,” ते म्हणाले.

“आणि पाच गुणांच्या प्रश्नाला पाच मुद्दे?”

“पाच.”

“मग झालं तर!”

भानुदास बावीस वर्षं दहावीला इतिहास शिकवत होता आणि बावीस वर्षं त्याचा निकाल शंभर टक्के होता. इतिहास म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं मुद्दे सांगितले असते. आणि हे सगळं तो शिकला होता समोर बसलेल्या या म्हाताऱ्याकडूनच.

त्यानं पिशवीतून सराव परीक्षेची एक उत्तरपत्रिका काढली आणि गुरुजींपुढे आपटली.

“वाचा. आंबेखिंडीचा लढा अपयशी का ठरला, पाच कारणे द्या. जिल्ह्याच्या पेपरात दर दोन वर्षांनी येणारा प्रश्न. झोपेतून उठवलं तरी माझी पोरं सांगतात. एक, शस्त्रांची कमतरता. दोन, पुढारी आधीच पकडले गेले. तीन, बाहेरून मदत आली नाही. चार, पावसाच्या तोंडावर धान्य संपलं. पाच, लोकांमध्ये एकीचा अभाव होता. आणि ही बाईसाहेब काय लिहिते बघा!”

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. अक्षर ठसठशीत होतं. चार कारणं ओळीनं लिहिलेली, पेन्सिलनं अधोरेखित केलेली. त्याखाली लिहिलं होतं:

‘पाचवे कारण लिहिणार नाही. ते खोटे आहे. आमच्या गावात एकी होती. फौजदार एकोणीस दिवस गावात बसून होता. एकाही घराने लढ्यातल्या कोणाचे नाव सांगितले नाही.’

“कोण ही?”

“गौतमी कोंढाळकर. आंबेखिंडीचीच. एस.टी.नं येते. हुशार आहे हो, नाही असं नाही. पण तोंड बघा! पुस्तकाला खोटं म्हणते. मी एक गुण कापला, तर भर वर्गात उभी राहून विचारते, सर, हे पाचवं कारण कुणी सांगितलं?”

“मग?”

“मग काय! म्हटलं, पाचवं कारण पन्नास वेळा लिही, माफी माग, तोवर वर्गात बसायचं नाही. तीन दिवस झाले, व्हरांड्यात उभी आहे. बोर्डाची परीक्षा पंधरा दिवसांवर आली, उजळणी बुडतेय, पण पोरगी हटत नाही. आज मुख्याध्यापिका म्हणाल्या, तरटे, तिला काहीतरी आधार दाखवा आणि मिटवा. तेव्हा गुरुजी, तुम्ही चार ओळी लिहून द्या. या उत्तराच्या नोट्स मुळात तुमच्या. मी तुमच्याच हस्ताक्षरातून पाठ केल्यात. तुमची सही बघितली की तिचं तोंड बंद होईल.”

गुरुजींनी हातातली शेंग खाली ठेवली.



“भानुदास, त्या नोट्स काढल्या त्या वर्षी पेपर पहिल्यांदाच नव्या पद्धतीचा होता. परीक्षा आठ दिवसांवर होती. मी मिळेल ते वाचून काढलं.”

“हो ना, म्हणून तर…”

“गुण पाच होते. कारणं चारच सापडली.”

भानुदासला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“म्हणजे?”

“म्हणजे पाचवं मी घातलं. एकी नव्हती, असं लिहून टाकलं. ते कुठल्याही हरलेल्या माणसाला लागू पडतं. पेपर तपासणारा कधी अडवत नाही.”

“गुरुजी!”

“माझ्या नोट्स दुसऱ्यानं उतरवल्या, त्याच्या तिसऱ्यानं. मग गाईडात छापून आलं. मग पेपर काढणाऱ्यांनी गाईड बघितलं.”

“पण तुम्ही आंबेखिंडीला जाऊन कुणाला विचारलं असेल ना?”

“पायी चार तासांची वाट होती.”

आता भानुदास खरोखर भडकला. का भडकू नये? चराईच्या हक्कासाठी सरकारविरुद्ध उभं राहिलेलं गाव. उपाशी राहिलं, मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. आणि त्या गावाच्या माथी काय आलं, तर एकीचा अभाव! तेही एका गुणाची जागा रिकामी दिसू नये म्हणून! त्याच गावातली पोरं दरवर्षी त्याच्याच वर्गात बसून आपल्या आज्या-पणज्यांची बदनामी पाठ करत होती आणि तो शाबासकी देत होता.

“बावीस वर्षं!” तो ओरडला. “बावीस वर्षं मी हे घोकून घेतलं! ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे गुण कापले! तुम्हाला एकदाही वाटलं नाही सांगावंसं? मी दर गुरुपौर्णिमेला तुमच्या पाया पडायला येत होतो, गुरुजी! तुम्हाला लाज कशी वाटली नाही?”

“तू कधी विचारलं नाहीस.”

“मी कशाला विचारू? तुम्ही सांगितलं होतंत!”

गुरुजींनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे भानुदासला समजलं नाही.

“ती पोरगी आत्ता कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं ना, व्हरांड्यात.”

“सुट्टीत डबा खायला बसते?”

हे त्यानं पाहिलं नव्हतं…

गुरुजी भिंतीला धरून उठले. कोपऱ्यातली काठी घेतली नाही. चपलाही घातल्या नाहीत. उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात जाऊन उभे राहिले. तिथं त्यांनी शाळेतल्या पोरासारखी हाताची घडी घातली.

समोर पिठाची गिरणी होती. दळण घेऊन आलेल्या बायका थबकल्या. गिरणीवाला पट्टा सोडून बाहेर आला. तो गुरुजींच्याच हाताखालून दहावी झालेला होता. दोन सायकली थांबल्या.

भानुदास धावत बाहेर आला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता, आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“गुरुजी, हे काय? पाय भाजतील. आत चला.”

गुरुजी हलले नाहीत.

“चुकलं माझं. मी जातो, तिला बसवतो. पण आधी तुम्ही आत चला.”

“आधी जा.”

“गुरुजी, पाया पडतो तुमच्या… लोक बघतायत हो!”

“तिलाही बघतायत.”