शेवटच्या स्थानकाची जागा

एकदा एका मोठ्या शहरापर्यंत अतिवेगवान रेल्वे आणण्याचे ठरले. मार्ग निश्चित झाला, पुलांचे आराखडे झाले. एकच गोष्ट ठरत नव्हती. ही गाडी शहरात येऊन शेवटी थांबणार कुठे? या प्रश्नावर बैठकांमागून बैठका झाल्या, वर्तमानपत्रांतून वाद रंगले, आणि अखेर सरकारने एक समिती नेमली. नगररचनेचे अध्यापन करण्यात ज्यांचे आयुष्य गेले होते अशा एका वृद्ध आचार्यांना निवृत्तीतून बोलावून तिचे अध्यक्ष केले. जागांचा अभ्यास करून अहवाल देण्याचे काम आले त्यांच्याच एका शिष्याकडे. त्याचे नाव श्रीरंग.

श्रीरंग बुद्धिमान होता, कष्टाळू होता, आणि त्याला थोडी घाईही होती. एवढे मोठे काम इतक्या लवकर वाट्याला आलेले; ते झटपट आणि देखणे व्हावे असे त्याला वाटे.

शहराबाहेर, महामार्गाच्या पलीकडे, एका व्यापाऱ्याची विस्तीर्ण मोकळी जमीन होती. तो स्वतः समितीचा सभासद होता आणि त्या जमिनीचा मोठा तुकडा त्याने स्थानकासाठी विनामूल्य देऊ केला होता. आजूबाजूची उरलेली जमीनही त्याचीच होती, आणि ही गोष्ट तो लपवत नसे.

"स्थानक तुमचं होईल, माझ्या जमिनीला भाव येईल," तो मोकळेपणाने म्हणे. "दोघांचं भलं होतंय. यात वाईट कुणाचं झालं?"

श्रीरंगलाही त्यात वाईट काही दिसेना. तिथे एकही घर पाडावे लागणार नव्हते. गाडीला दाट वस्तीत शिरून वेग कमी करावा लागणार नव्हता. उलट शहराच्या मध्यभागी स्थानक न्यायचे तर जुनी बाजारपेठ उठवायची, जमिनीखालून बोगदा काढायचा आणि वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या. त्याने अहवालात बाहेरच्या जागेची शिफारस केली. 'महामार्गालगत, दळणवळणास अत्यंत सोयीची' असे त्या जागेचे वर्णन केले आणि अहवाल घेऊन तो आचार्यांकडे गेला.

आचार्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला.

"या जागेवर तू गेला होतास?"

"अनेकदा, सर."

"कसा गेलास?"

"ऑफिसच्या गाडीने."

आचार्यांनी मान हलवली. म्हणाले, "अंतिम बैठक त्याच जागेवर घेऊ. सोमवारी सकाळी दहा वाजता. सर्व सभासदांना कळव, कुणालाही गाडी पाठवली जाणार नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने यावं."

श्रीरंग गोंधळला. सरकारी बैठक उघड्या माळावर कशासाठी? "सर, तुम्ही कसे येणार?"

"बसने."

गुरू बसने येणार म्हटल्यावर शिष्याला मोटार काढणे प्रशस्त वाटेना. सोमवारी तोही बसने निघाला. पहिली बस डेपोपर्यंतच जात होती. तिथून दुसरीची वाट पाहण्यात बराच वेळ गेला. तिने त्याला एका नाक्यावर सोडले. पुढे यायला रिक्षावाले तयार होईनात. परतीचे भाडे मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी तो महामार्गाच्या कडेने चालत निघाला. पायवाट नव्हती. शेजारून ट्रक धडधडत जात, तेव्हा अंगावरचा शर्ट फडफडे. नकाशावर तर्जनीएवढे दिसणारे ते अंतर संपता संपेना. 'दळणवळणास अत्यंत सोयीची' हे आपलेच शब्द त्याला आठवले, आणि ते त्याने घाईघाईने मनातून दूर सारले.

तो पोहोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. माळावर लहानसा मांडव होता. आचार्य पहाटेच निघाले असावेत. ते स्वस्थ बसले होते. व्यापारी होता, एक उद्योजक होता, रेल्वेचे अधिकारी होते, आणि त्यांच्या मोटारी मांडवामागे उभ्या होत्या. काही खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या. शहराच्या पूर्वेकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका वत्सलाबाई, सरकारी रुग्णालयातले एक डॉक्टर आणि यंत्रमाग कामगारांचे प्रतिनिधी आले नव्हते.

बराच वेळ वाट पाहून व्यापारी म्हणाला, "गणसंख्या पूर्ण आहे. सुरू करू या का?"

"करा," आचार्य म्हणाले.

श्रीरंगने अहवाल वाचला. चर्चा फारशी झाली नाही. हात वर झाले. बाहेरच्या जागेला कुणाचाही विरोध नव्हता. आचार्य श्रीरंगकडे वळून म्हणाले, "लिही. ठराव एकमताने संमत."

श्रीरंगने लिहिले. खरे तर त्याला आनंद व्हायला हवा होता. पायांत अजून ठणका होता, त्यामुळे असेल, पण आनंद होईना.

सभासद उठण्याच्या बेतात होते, तेवढ्यात महामार्गाकडून एक बाई येताना दिसल्या. वत्सलाबाई होत्या त्या. पदराने कपाळ पुसत त्या मांडवात शिरल्या आणि पहिल्या खुर्चीवर बसल्या. आचार्यांनी स्वतः उठून त्यांना पाणी दिले.

"संपली का बैठक?" त्यांनी विचारले.

व्यापाऱ्याला मनापासून वाईट वाटले. "बाई, एक फोन करायचा होतात. मी गाडी पाठवली असती."

"आज पाठवली असती, शेटजी," त्या म्हणाल्या. "आमच्या वस्तीतल्या माणसांना रोज कोण पाठवणार?" मग म्हणाल्या, "डॉक्टर अर्ध्या वाटेतून परत गेले. दुपारी त्यांचे पेशंट असतात."

आचार्य श्रीरंगला म्हणाले, "बाईंना ठराव वाचून दाखव."

श्रीरंग वाचू लागला. 'एकमताने' या शब्दापाशी येऊन तो अडखळला. वत्सलाबाई समोर बसल्या होत्या. तो शब्द त्याला पुढे उच्चारता येईना. त्याने कागद खाली ठेवला.

आचार्य बोलू लागले.

"या ठरावात खोटं काही नाही. इथे जे होते, त्यांनी प्रामाणिकपणे मत दिलं. पण जो पोहोचला नाही, त्याचं मत मोजलं गेलं नाही; आणि ते मोजलं गेलं नाही हेही ठरावात कुठे दिसत नाही. स्थानक इथे झालं, तरी असंच होईल. गाड्या भरून जातील. प्रवाशांना विचाराल तर ते समाधानी आहोत म्हणतील, कारण असमाधानी माणूस इथवर आलेलाच नसेल. गाडी किती वेगाने येते, हे आपण पुष्कळ पाहिलं. गाडीतून उतरलेला माणूस आपल्या दाराशी कधी पोहोचतो, आणि दारातून निघालेला माणूस गाडीपर्यंत पोहोचतो तरी का, हे कुणी पाहिलं नाही."

व्यापारी म्हणाला, "तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण मग मधली बाजारपेठ उठवायची का? तिथल्या माणसांनी कुठे जायचं?"

"प्रश्न रास्त आहे," आचार्य म्हणाले. "उत्तर माझ्यापाशी नाही. या ठरावावर मी अजून सही केलेली नाही. श्रीरंग, तुझं काम संपलेलं नाही."

पुढचे काही महिने श्रीरंग शहरभर हिंडला. रुग्णालयाच्या आवारात तो खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलला. एस.टी. स्थानकावर बसून राहिला. कापडाचे गठ्ठे घेऊन निघालेल्या बायकांबरोबर त्याने प्रवास केला. हळूहळू त्याचे लक्ष जुन्या रेल्वे स्थानकामागच्या मालधक्क्याकडे गेले. तिथली मालवाहतूक आता तुरळक उरली होती. तिथे स्थानक केले तर बाजारपेठ जागच्या जागी राहू शकत होती, बस आणि जुनी रेल्वे दोन्ही जवळ होत्या. पण गाडीला शहरात शिरताना वेग आवरावा लागणार होता, बोगदा अटळ होता आणि उद्घाटन लांबणार होते. वरिष्ठांनी त्याला बोलावून सरळ सांगितले, की उमेदीच्या वयात माणसाने प्रकल्प लांबवू नयेत. त्या दिवशी तो घरी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने अहवाल तसाच सादर केला.

या वेळी बैठक वत्सलाबाईंच्या शाळेत झाली. एकही खुर्ची रिकामी नव्हती. वाद झाला, आवाज चढले, आणि मालधक्क्याची जागा थोड्या मतांनी मंजूर झाली. व्यापाऱ्याने विरोधात हात वर केला आणि नंतर सगळ्यांबरोबर चहा घेऊन मगच तो गेला.

संध्याकाळी श्रीरंग आचार्यांच्या घरी गेला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" त्यांनी विचारले.

"झालं, सर. पण मालधक्क्याला लागून हमालांची एक वस्ती आहे. ती उठणार. त्यांना पर्यायी घरं द्यावीत असं अहवालात लिहिलंय मी. पण मी त्यांना फक्त मोजलं. भेटलो नाही."

आचार्य उठले, चपला पायांत घातल्या आणि दाराशी जाऊन त्याच्यासाठी थांबले.

"आत्ता, सर?"

"आत्ता माणसं कामावरून परतली असतील. घरी भेटतील."

दोघे निघाले. निर्दोष अशी जागा शहरात कुठेच नसते, हे श्रीरंगला चालता चालता उमगत गेले. तरीही जागा ठरवावी लागते. फक्त ती ठरवणाऱ्याला, तिथून उठणारी आणि तिथवर न पोहोचणारी माणसे तोंडओळखीने तरी ठाऊक असावी लागतात.