विझलेल्या बल्बचा रोध

"मग माझं गणित चुकलं कुठे, उस्ताद?"

प्रल्हाद कोष्टीने वही बाकावर ठेवली. एकच गणित त्याने तिच्यात अकरा वेळा मांडलं होतं आणि अकराही वेळा उत्तर तेच आलं होतं.

इस्माईल उस्तादांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. दर्ग्याच्या कमानीला लागून त्यांचं दुकान, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं. प्रल्हाद इथेच पक्कड धरायला शिकला, मग तालुक्याला जाऊन डिप्लोमा घेऊन आला. डिप्लोम्याबरोबर थोडी शिंगंही फुटली होती. आज ती कुठे दिसत नव्हती.

"किती जगली?" उस्तादांनी विचारलं.

"तेरा."

"दोनशेतली..."

"हो."

झालं होतं ते असं. शेवंताबाई मानेंनी यंदा पहिल्यांदाच कोंबडीची पिल्लं आणली, एका दिवसाची. बिनआईच्या पिल्लांना ऊब बल्बची. उस्तादांनी बंद पडलेल्या गिरणीतले सहा जुने बल्ब काढून दिले. काचेवरचे आकडे पुसून गेले होते. "शंभराचे हायत, सहाच्या सहा लाव," एवढंच ते म्हणाले.

प्रल्हाद तिथेच उभा होता. त्याने एक बल्ब उचलून मीटरला लावला. रोध भरला अडतीस ओहम. दोनशे तीस व्होल्टला अडतीसने भागलं, सहा अँपिअर आले. त्याला पुन्हा दोनशे तिसाने गुणलं आणि जवळजवळ चौदाशे वॅट निघाले.

"एकेक बल्ब म्हणजे शेगडी आहे," तो चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला होता. "सहा लावलेत तर पिल्लं भाजून निघतील, मावशी. दोन खूप झाले. उस्तादांचं काय, सगळं अंदाजपंचे!"

लोक हसले. उस्ताद गप्प राहिले. शेवंताबाईंनी शिकलेल्या पोराचं ऐकलं आणि चार बल्ब तिथेच ठेवून त्या गेल्या.

परवा रात्री थंडी पडली. पिल्लं दोन बल्बांखाली एकमेकांवर चढली. खालची गुदमरली, बाहेरची गारठली. सकाळी प्रल्हाद धावत गेला तेव्हा शेवंताबाई उरलेली तेरा पदरात घेऊन बसल्या होत्या. त्या त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला तेव्हापासून वाटत होतं.

उस्तादांनी फळीवरून शेवंताबाईंनी ठेवलेल्या चार बल्बांतला एक काढला.

"मोज."

प्रल्हादने मोजला. "अडतीस."

"लिव्ह."

त्याने लिहिलं. उस्तादांनी बल्ब होल्डरमध्ये फिरवला, मीटर लायनीत घातला आणि बटण दाबलं. भर दुपारी दुकानात पिवळा उजेड पडला.

"अँपिअर किती?"

प्रल्हाद वाकला. पुन्हा वाकला. "पॉइंट... पॉइंट त्रेचाळीस."

"व्होल्ट?"

"दोनशे तीस."

"मग भाग की. तुझंच गणित हाय."

पेन्सिल वहीवरून सावकाश सरकली. पाचशे पस्तीस ओहम. मग त्याने गुणाकार केला. नव्व्याण्णव वॅट. म्हणजे शंभराचाच.

"तार तापली की रोध वाढतो..." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "हे मी शिकलोय. परीक्षेत लिहिलंय मी हे."

"व्हय. आन् मोजलास मातूर विझलेला."

उस्तादांनी बटण बंद केलं. बल्ब विझला तरी त्याची तार क्षणभर लाल राहिली. दोघांनीही ती काळी पडताना पाहिली.

प्रल्हादला रडू आलं. तोंड फिरवून त्याने ते आवरलं, आणि मग जे विचारायला तो खरोखर आला होता ते एकदाचं तोंडातून निघालं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना, उस्ताद?"

उस्तादांनी मीटरच्या तारा सोडवल्या.

"मी मीटर लावला तेव्हाच?"

"व्हय."

"मग मला अडवलं का नाही? दोन शब्द बोलला असतात... एक बटण दाबलं असतंत..."

उस्ताद बराच वेळ बोटावरची काजळी अंगठ्याने घासत राहिले. चाळीस वर्षांत न निघालेली ती काजळी आत्ता थोडीच निघणार होती.

"चार मानसं हसली," ते शेवटी म्हणाले. "म्या मनात म्हनलं, पडू दे त्वांडावर. एकदा पडला की शिकंल."

प्रल्हाद खाली वाकला. त्याचे हात पायांपर्यंत पोचण्याआधी उस्तादांनी पाय मागे घेतले.

मग ते उठले. फळीवर आणखी तीन बल्ब होते, त्यांच्या बसायच्या जागेवरून सरळ नजरेला पडतील असे. थंडी पडली त्या रात्रीही ते बल्ब तिथेच होते. उस्तादांनी ते एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले, मघाचा गार झालेला चौथाही गुंडाळला, आणि पिशवी खांद्याला अडकवून चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"शेवंताबाईकडं. तेरा तर तेरा, त्यास्नीबी ऊब लागंल. आन् माफी मागायची ऱ्हायलीया."

"ती मला मागू द्या," प्रल्हाद कळवळून म्हणाला. पिशवी घ्यायला त्याने हात पुढे केला. "चूक माझी होती, उस्ताद. तुम्ही कशाला?"

उस्तादांनी पिशवी दिली नाही. उंबऱ्यात ते थांबले, पण वळून पाहिलं नाही.

"तुला चूक म्हाईत नव्हती, प्रल्हाद... मला व्हती."