अस्वलाचे चुकलेले नेम

एका रानात एक टिटवी होती. अस्वलाचा पहिला नेम चुकला तेव्हा अख्खी टेकडी हसली. एकटी टिटवी हसली नाही.

त्या रानात समोरासमोर दोन टेकड्या होत्या आणि मधून एक ओढा वाहायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी ओढा आटला, की मऊ वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडे. तो पट्टा त्या उन्हाळ्यापुरता कुणाचा, हे ठरवायला दोन्ही टेकड्यांचा खेळ व्हायचा. खेळ तसा सोपा. आपापल्या टेकडीवर चिखलाचे तीन गडी उभे करायचे. बांबू वाकवून त्याच्या शेंड्यावरून कवठ भिरकवायचं आणि समोरचे गडी पाडायचे. एकदा यांची पाळी, एकदा त्यांची. पाळी आली, की एकतर कवठ मारायचं, नाहीतर आपले गडी हलवायचे. दोन्ही करायचं नाही. ज्याचे गडी आधी संपले, तो हरला.

हरल्यावर बाकीच्यांचं काय, थोडं नाक कापलं जाणार, एवढंच. टिटवीचं तसं नव्हतं. ती अंडी घालायची ती त्याच वाळूत, चार खडे गोळा करून. पट्टा पलीकडच्यांना गेला, तर अस्वलं उन्हाळाभर तिथे लोळणार. मग अंडी कुठली आणि पिल्लं कुठली.

तर पलीकडच्या अस्वलाने पहिलं कवठ मारलं आणि ते गड्यांपर्यंत पोचलंच नाही. गडी ज्या कड्यावर उभे होते, त्याच्या पार खाली मातीत जाऊन ते फुटलं.

"काय अस्वलराव, उपाशीपोटी आलात का?" वानर ओरडला. सगळे खो खो हसले.

टिटवी मात्र पलीकडे बघत राहिली. नेम चुकला, की कुणी कपाळाला हात लावतं, कुणी चडफडतं. तिथे तसं काहीच झालं नाही. अस्वलाशेजारचा कोल्हा तर चक्क मान डोलावत होता.

आता वानराची पाळी. वानर नेमात पटाईत, यात वाद नाही. त्याने सावरीचा कापूस हवेत सोडला, वारा कुठला ते बघितलं, बांबू किंचित जास्त वाकवला आणि पहिल्याच फटक्यात समोरचा एक गडी आडवा केला. आपले गडी कड्याच्या अगदी टोकावर उभे करायची कल्पनाही त्याचीच. तिथे रुबाब दिसतो म्हणे.

अस्वलाचं दुसरं कवठ आलं. तेही खालीच फुटलं. तिथेच.

"टिव टिव टिटिव," टिटवी किंचाळली. "काहीतरी वाईट होणार. गडी हलवा."

कुणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. कसं बघणार? सकाळपासून ती एका वाळक्या पानाला, एका भुंग्याला आणि स्वतःच्याच सावलीला बघून ओरडली होती.

"रात्री पाय वर करून झोपतेस ना, आभाळ पडेल म्हणून?" वानर बांबूला हात घालत म्हणाला. "मग आत्ताही झोप तशीच. आभाळ तू धर, नेम मी धरतो."

आणि त्याने दुसरा गडीही लोळवला. टेकडीवर नुसता दंगा झाला. समोर आता एकच गडी उरला होता, तोही एका मोठ्या दगडाच्या आड.

टिटवी धावत साळिंदरकाकांकडे गेली. काका टेकडीवरचे सगळ्यात जुने. गडी उचलायचं, ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"काका, मला सारखं वाटतंय, की..."

"तुला काय वाटतं ते नको सांगू, पोरी," काका म्हणाले. "तुला रोजच काहीतरी वाटतं. काय दिसलं ते सांग."

सांगण्यासारखं टिटवीकडे काहीच नव्हतं. दिसायला तिने अजून बघितलं कुठे होतं?

मग ती कडा उतरून खाली गेली. वाटेत एक सरडा सळसळत गेला आणि ओरडा अगदी चोचीशी आला. तिने तो कसाबसा गिळला. उगाच ओरडले, तर पुढचं कुणी ऐकणार नाही, हे तिला आता कळून चुकलं होतं.

खाली येऊन बघते तो काय, कड्याच्या पोटात साळिंदर आरामात बसेल एवढं भगदाड. वरून झाडाची मुळं उघडी लोंबत होती आणि भुसभुशीत माती बारीक धारेने गळत होती. ती बघते आहे तोच तिसरं कवठ धाडकन तिच्या शेजारी आदळलं. भगदाड आणखी आत गेलं. टिटवी जी उडाली, ती थेट वर.

सगळ्यांना वाटलं, आता ही कानठळ्या बसवणार. पण ती हळू आवाजात बोलली. तो आवाज ऐकूनच वानर चपापला.

"अस्वल चुकत नाहीये, दादा," ती म्हणाली. "चुकणाऱ्याचा मार चहूकडे पडतो, याचा तिन्ही वेळा एकाच जागी पडलाय. तो गड्यांवर नेम धरतच नाहीये. गडी उभे आहेत ती जमीन खातोय. कड्याच्या पोटात भोक पडलंय, मुळं लोंबताहेत. मी आत्ता बघून आले. आणखी एक कवठ, की तिन्ही गडी एकदम खाली."

कुणी हसलं नाही. काकांनी वाकून कड्याखाली डोकावलं आणि अंगावरचे काटे ताठ करून मागे सरले. "खरं आहे," ते म्हणाले. "या पाळीला गडी हलवू."

"अहो काका, एकच तर उरलाय," वानर कळवळला. "हाच फटका बसला, की खेळ संपला. जिंकत आलेला डाव सोडून सामान काय आवरायचं?"

"आणि नाही बसला तर?" टिटवीने विचारलं.

वानराने कापूस सोडला. तो एकदा इकडे गेला, एकदा तिकडे, मग गरगरत खालीच आला. दगडाआडच्या गड्याला गाठायचं तर कवठ उंच उडवायला हवं होतं, आणि वारा असा पिसाळलेला.

"वारा तुझं ऐकेल न ऐकेल," टिटवी म्हणाली. "कडा मात्र पडणारच आहे."

वानराच्या अगदी जिवावर आलं. पण त्याने हातातलं कवठ खाली ठेवलं, आणि स्वतःच एक गडी खांद्यावर घेतला. काकांनी दोन उचलले. तिन्ही गडी मागच्या उंचवट्याआड जाऊन बसले. तिथे रुबाब कसला, नीट दिसतही नव्हते.

पलीकडे अस्वल भडकलं. सगळी मेहनत मातीत गेलेली बघून त्याने रागाच्या भरात कवठ पुन्हा तिथेच हाणलं. "अरे थांब, थांब," कोल्हा ओरडत होता, पण उशीर झाला होता. कडा करकरला, फाटला आणि धडधडत खाली गेला. रिकामाच गेला.

तोवर वारा पडला होता. वानराने कवठ उचललं आणि आपणहून मागे वळून विचारलं, "टिटवे, सांग बघू, पलीकडचं गवत काय म्हणतंय?"

"एक पातं हलत नाहीये."

वानराने बांबू पार मागे वाकवला. कवठ उंच उंच गेलं, वर क्षणभर थबकल्यासारखं वाटलं आणि दगडाच्या मागे उतरलं. धुळीचा लोट उठला. गडी पडला, की नुसतीच माती उडाली? काही दिसेना.

टिटवी तुटक्या कड्याच्या टोकाशी गेली आणि सगळा जीव गोळा करून हाक मारली, "अहो अस्वलराव, गडी उभा आहे का आडवा?"

उत्तर नाही.

"अहो पलीकडचे, कुणी सांगता का?"

धूळ हळूहळू बसत होती. टिटवीने तिसऱ्यांदा हाक मारली. या खेपेला तिच्याबरोबर वानरानेही हाक मारली आणि साळिंदरकाकांनीही.

मग पलीकडून एक भलामोठा सुस्कारा ऐकू आला आणि अस्वलाचा घोगरा आवाज आला, "आडवा आहे गं बाई, चांगला आडवा आहे. वाळू तुझी. जा, घाल तुझी अंडी."

तात्पर्य: समोरच्याची चूक पुन्हा पुन्हा एकाच जागी पडत असेल, तर हसण्याआधी ती जागा बघून यावी. आणि भित्र्याने आपली भीती ओरडत बसू नये, काय पाहिलं ते सांगावं. मग त्याचं ऐकणं हे इतरांचं काम.