इंजिनाचा मोकळा श्वास

दौलतशेठ बोरस्तेंच्या द्राक्षांच्या बंदिस्त शेडमध्ये डिझेल पिकअप चालू ठेवूनच माल भरला जाई. मायलेज वाढावं म्हणून शेठनी सगळ्या गाड्यांचे ईजीआर वॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपा, बंद करून घेतले. तेव्हापासून काळा धूर कमी झाला, पण न दिसणारे विषारी वायू वाढले आणि हवा नाकाडोळ्यांना झोंबू लागली. दमा असलेला हमाल मुरलीधर एका संध्याकाळी गाडीमागेच कोसळला आणि दवाखान्यात वारला.

चौकशीला कामगार अधिकारी आले. शेठ ऐटीत म्हणाले, "साहेब, त्या वॉल्व्हमुळे गाडी स्वतःचाच धूर परत गिळायची. इंजिन काजळीनं गुदमरायचं. आता ते मोकळा श्वास घेतंय. यात माझा गुन्हा काय?"

मुरलीधरची बायको शेवंता पुढे आली. "शेठ, थोडासा धूर गिळून लोखंडाचं इंजिन गुदमरत होतं ना?"

"मग! तेच तर सांगतोय."

"तोच धूर तुम्ही माझ्या माणसाला गिळायला लावलात. त्याची छाती तर हाडामांसाची होती."

अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी शेडला टाळं ठोकलं. त्याआधी शेवंतानं आत राहिलेला मुरलीधरचा जेवणाचा डबा तेवढा मागून घेतला.